नाशिकची झाडं, पक्षी, खडक ओळखायला हाताशी काय ठेवता?

गोदाकाठची

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आमचा एक लहानसा गट आहे, काही पालक आणि पाचवी ते नववीतली मुलं. पावसाळ्यात अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज. थंडीत नांदूर मधमेश्वर. उन्हाळ्यात पहाटे पांडवलेणीचा पायथा. मुलं आता ‘ते पिवळं फूल’ एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांना नाव हवं असतं, ते झाड तिथेच का उगवलं ते हवं असतं, आणि पुढच्या खेपेला कुणाला न विचारता ओळखता यायला हवं असतं.

पुस्तकं घरात आहेत. पण देशभराच्या पक्ष्यांचं पुस्तक म्हणजे तेराशेच्या वर जाती. नाशिककराला त्यातल्या बहुतेक कधी दिसणारच नाहीत. मूल चित्रं चाळतं, साधारण जुळणारा पक्षी शोधतं आणि तो नेमका ईशान्येकडचा निघतो. फुलांच्या पुस्तकात रंगावरून शोधायला गेलं की पांढऱ्या फुलांचीच शेकडो पानं.

माझं मत आता असं झालंय की आपल्याला जाड पुस्तक नको, बारीक पुस्तिका हव्यात. एक जागा, एक ऋतू, फार तर चाळीस-पन्नास नोंदी. अख्ख्या जिल्ह्याची मिळून एकच करण्यातही अर्थ नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, येवला-नांदगावकडे ५०० च्या आसपास. पावसाळी डोंगरावरची कारवी आणि कोरड्या माळावरचं काळवीट शेजारी शेजारी छापून कुणाच्या कामाला येणार?

तुम्ही काय वापरता? आणि अशा पुस्तिका आपणच करायच्या तर कशा कराव्यात?

निफाडकर

ताई, मनातला विषय काढलात. मी नांदूर मधमेश्वरपुरतं लिहितो, कारण लहानपणापासून तेवढंच नीट पाहिलंय.

तिथली पुस्तिका पक्ष्यांपासून सुरू करू नका, पाण्यापासून करा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे ब्रिटिशांच्या काळात दगडी बंधारा घातला. मागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं ते या गाळामुळे. धरण म्हणून जी अडचण, तीच पक्ष्यांची सोय.

म्हणून मुलांना आधी विचारायचं, पक्षी उभा कुठे आहे? मोकळ्या खोल पाण्यात पाणकावळे आणि वारकरी. गुडघाभर पाण्यात रोहित (फ्लेमिंगो), चमचे. चिखलाच्या कडेला शेकाट्या, तुतवार. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर कमळपक्षी, पाणकणसात जांभळी पाणकोंबडी. बाजूच्या ओल्या शेतात शराटी. आणि सगळे एकदम उडाले की वर बघायचं, बहुधा दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी फिरत असतो. जागा कळली की निम्मी ओळख झाली. चित्रंही त्याच क्रमाने लावा, शास्त्रीय कुळांच्या क्रमाने नको.

दुसरी गोष्ट बदकांची. पुस्तकांत नर कायम विणीच्या पिसाऱ्यात दाखवतात. पण ऑक्टोबरात बदकं येऊ लागतात तेव्हा बरेच नर मादीसारखेच तपकिरी असतात. थापट्याचं हिरवं डोकं शोधत बसलेलं मूल तिथेच निराश होतं. त्यापेक्षा आकार शिकवा. थापट्याची चोच टोकाकडे रुंद होत जाते, तलवार बदकाची मान लांब आणि शेपूट टोकदार, हे पिसारा कसाही असला तरी दिसतं. सुरुवात हळदीकुंकू बदकापासून करा. काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके, नर-मादी जवळपास सारखे, आणि ते इथेच राहणारं.

क्लिक_क्लिक

विषय चांगला आहे, पण छापील पुस्तिका कशाला? आयनॅचरलिस्ट या ॲपवर फोटो टाकला की सेकंदात नाव येतं. मर्लिन हे ॲप आवाजावरून पक्षी सांगतं. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, छपाईचा खर्च नाही, चूक सापडली तर लगेच दुरुस्त करता येते. शिवाय नोंद जगासमोर राहते आणि संशोधकांच्या कामाला येते. मी बदलापूरहून नाशिकला आलो तेव्हा इथलं एक झाड ओळखीचं नव्हतं. आज जे काही येतं ते ॲपमुळे येतं.

पानगळ

क्लिक_क्लिक, ॲपबद्दल माझी तक्रार नाही, मीही वापरतो. तरी कॉलेजात अनेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाची भीड न ठेवता एक गोष्ट सांगतो. ॲप नाव देतं, कारण देत नाही. आणि ज्या जातींचे फोटो जगभरात भरपूर आहेत त्यांच्याकडे त्याचा कल झुकतो. अंजनेरीच्या पठारावरचं एखादं मोजक्याच डोंगरांवर वाढणारं रोप दाखवलं तर ते त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, जास्त पसरलेल्या भावंडाचं नाव सांगून मोकळं होतं. मुलाला ते पटतं, कारण तपासायचं कसं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तपासणं शिकवायला एक जोडी देतो. कुडा. आपल्याकडे दोन कुडे सर्रास दिसतात, पांढरा आणि काळा. दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींत पांढरा चीक, दोन्हींना पांढरी फुलं. फोटोत भलेभले चकतात. पण शेंगा बघा. दोन्हींत शेंगा जोडीने लोंबतात. काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. हे एकदा हाताने पाहिलेला मुलगा पुन्हा चुकत नाही.

तसंच ऐन. खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली, हे सगळे सांगतात. पण पान उलटं करून देठाजवळ दोन गाठीसारख्या ग्रंथी दाखवा, मुलं हरखून जातात. अर्जुनाच्या पानालाही त्या असतात, पण अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. म्हणजे साल आणि पान दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही शिस्त आपोआप लागते.

पुस्तिकेत प्रत्येक झाडामागे अशी ‘कशाशी गल्लत होते’ ही एक ओळ हवीच. माझ्या लेखी ती ओळ चित्रापेक्षा मोलाची.

नवशिका_सातपूर

सर, फार छान सांगितलंत. माझा अगदी साधा प्रश्न. गणपती झाले की त्र्यंबक रोडच्या दोन्ही बाजूंना आणि टेकड्यांवर पिवळी-केशरी फुलं पसरतात, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. ती सोनकी ना?

पानगळ

नाही. तुम्ही म्हणता ती बहुतेक ठिकाणी कॉसमॉस आहे. मूळची मेक्सिकोकडची, बागेतून बाहेर पडून डोंगर काबीज करत सुटलेली. ओळख सोपी. कॉसमॉस कमरेएवढी वाढते, फूल गडद पिवळं ते केशरी, आणि पान खूप चिरलेलं, पिसासारखं. सोनकी आपली, सह्याद्रीतली. बुटकी, फूल झळझळीत पिवळं, लहान, आणि पान अखंड, कडेला दातेरी. सोनकी पठारावर आणि कड्याच्या उतारावर शोधा.

ही गल्लत मला खरंच टोचते. लोक कॉसमॉसच्या शेतात उभं राहून ‘निसर्गाचा बहर’ म्हणतात, आणि तिच्याखाली आपला तेरडा, आपली गवतं गुदमरतात. घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, सुबाभूळ यांच्यासाठी पुस्तिकेत वेगळं पान ठेवा. मुलांना पाहुणे कोण आणि घरचे कोण हे कळलंच पाहिजे.

नवशिका_सातपूर

धन्यवाद सर! आता पान बघूनच सांगेन. 🙏

कातळकडा

सगळे पानाफुलांत रमलेत, म्हणून खडकांची बाजू मांडतो. नाशिकच्या पुस्तिकेत पहिलं चित्र डोंगराच्या कापाचं असावं असं मला मनापासून वाटतं.

आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात? साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा. असे थरावर थर. प्रत्येक थराचा मधला-खालचा भाग घट्ट, तो उभा कडा होऊन राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, तो लवकर झिजतो आणि तिथे उतार किंवा पट्टी तयार होते. माती धरते ती या पट्टीवर, म्हणून झाडांची रांगही तिथेच. सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या समोरून बघा: काळा कडा, हिरवी पट्टी, पुन्हा काळा कडा. दोन थरांच्या सांध्यावर कधी विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती बनायला जेवढा वेळ मिळाला, त्याची ती खूण. झरे बऱ्याचदा असल्याच सांध्यांतून फुटतात.

बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं साचली. वाटेत पडलेल्या दगडात पांढरे, कधी हिरवट स्फटिक चमकतात ते हेच, गारगोट्या आणि झिओलाइट. ज्यांना नीट बघायचेत त्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघावं, नाशिकच्या आसपासचे झिओलाइट जगभरच्या संग्राहकांना का हवे असतात ते कळेल. डोंगरावरचे मात्र फोडू नयेत, उचलू नयेत.

आणि धोडप! माथ्याला लागून जी सरळ भिंत उभी आहे, ती माणसाने बांधलेली वाटते. मूळच्या थरांना चिरत वर आलेला लाव्हा भेगेतच थिजला, आजूबाजूचा मऊ भाग झिजून गेला आणि भिंत उरली. एवढं सांगून मुलांना धोडपसमोर उभं करा, मग त्यांना दुसरं काही सांगावं लागणार नाही.

गोदाकाठची

कातळकडा, हे मला फार आवडलं. अंजनेरीच्या पठाराची फुलं याच्याशी जोडता येतील का? म्हणजे हा कातळ आहे म्हणून ही फुलं, असं?

पानगळ

येतील आणि जोडावीतच. वर घट्ट कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. पावसात पाणी झिरपत नाही, साचून राहतं, आणि अशा मातीत नत्र फार कमी. म्हणून तिथे सीतेची आसवे वाढते. तिचं निळं-जांभळं फूल सगळे बघतात, पण खाली पाण्यात-चिखलात बारीक फुगे असतात, त्यांत ती सूक्ष्म जीव पकडून नत्राची भर काढते. दवबिंदूही त्याच कारणाने पानावरच्या चिकट थेंबांत किडे धरते. शेजारीच गेंदाची पांढरी बटणं. पाऊस थांबला की पठार काही आठवड्यांत कोरडं ठक्क पडतं, त्यामुळे कंद असलेली झाडं टिकतात, बाकीची बी टाकून मोकळी होतात. कातळ, पाणी, माती, फूल अशी एका ओळीत मांडणी केलीत तर मुलांना पाठ करावं लागणार नाही.

सुरगाण्याचा_मास्तर

नमस्कार. मी सुरगाणा भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. वरचं सगळं वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही पुस्तिका शहरातून डोंगराकडे बघणाऱ्यांनी शहरातल्यांसाठीच करायची का?

माझ्या वर्गातली कोकणा, महादेव कोळी, वारली मुलं सातवीत येईपर्यंत जेवढी झाडं ओळखतात तेवढी मला आजही येत नाहीत. खोडावरून, वासावरून, कोणत्या झाडाखाली गुरं बसतात यावरून ओळखतात. कारवी कुठे दाट आहे हे त्यांना ठाऊक, कारण घराच्या कुडाच्या भिंतींना तिच्याच काठ्या लागतात. ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, मागचा फुलोरा कधी आला होता हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर पोराच्या जन्मावरून सांगतात. त्यांच्याकडून नोंदी घ्या आणि पुस्तिकेवर त्यांची नावं छापा. फोटो काढणाऱ्याचं नाव येतं, मग झाड दाखवणाऱ्याचं का येऊ नये?

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीकडे लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पुस्तिकेतल्या जागेच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती बघायला मागा. कुठे ती फार सुंदर केलेली असते, कुठे नुसती रकाने भरलेली. जिथे नुसते रकाने असतील तिथे तुमच्या पुस्तिकेतून ती खऱ्या अर्थाने भरता येईल. असं झालं तर काम गावाच्या कपाटात राहील.

क्लिक_क्लिक

मास्तर, हे पटलं. रानभाज्याही घ्या की मग! शेवळं, चाई, करटुली, टाकळा, कुर्डू. लोक त्यासाठी तरी पुस्तिका उघडतील.

सुरगाण्याचा_मास्तर

घ्या, पण ओळख करून देण्यापुरत्या. ‘फोटो बघा आणि खुडा’ असं नको. शेवळ्याचंच बघा. पहिल्या पावसाच्या आगेमागे कोंब वर येतो, सुरणाच्या कुळातला, घशाला भयंकर खाजणारा. आमच्याकडे त्यात काकडाची आंबट फळं घालून शिजवल्याशिवाय कुणी खात नाही. ही माहिती चित्रात येत नाही, ती आजीच्या हातात असते. शिवाय त्या कुळात दिसायला मिळतीजुळती बरीच. कळलावीसारखी देखणी वेल तर विषारी आहे, कंद जिवावर बेतू शकतो. भाजी खायची ती घेऊन येणाऱ्या बाईकडून बाजारात घ्यावी, तिला चार पैसेही मिळतात.

निफाडकर

+१. सापांच्या पानालाही हाच नियम लावा. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांतला फरक पुस्तकात असतो: कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे बहुधा डोक्यापासून थोडं मागे सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक. पण मुलांना स्पष्ट सांगा, हा फरक फोटोत बघायचा आहे, जवळ जाऊन नाही. रंग फिका पडतो, पट्टे तुटक असतात, अंधारात काही कळत नाही. आमच्याकडे द्राक्षबागेत रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला ‘ओळखा’ सांगण्यापेक्षा ‘बॅटरी आणि बूट’ सांगणं महत्त्वाचं.

पाऊलखुणा_येवला

मी उशिरा आलो, पण ताईंनी येवल्याचं नाव घेतलं म्हणून लिहितोच. नाशिकचा निसर्ग म्हटलं की सगळे पश्चिमेकडे तोंड करून बसतात. आमच्या माळांवर डोंगर नाहीत, धबधबे नाहीत, म्हणून तिथे ‘काही नाही’. सरकारी कागदावरही बऱ्याच माळांना ‘पडीक’ म्हणतात.

ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटांसाठी राखीव संवर्धन क्षेत्र आहे. काळवीट उघड्यावर जगतो. दाट झाडी त्याला नको असते, लांबवर दिसेल आणि पळता येईल एवढी मोकळी जागा हवी असते. म्हणून माळावर कुणी उत्साहाने खड्डे खणून झाडं लावायला आलं की माझा जीव वरखाली होतो. पुस्तिकेत हे एक वाक्य ठळक छापा: माळ हा माळ म्हणूनच पूर्ण आहे.

आमच्याकडे प्राणी दिसण्यापेक्षा खुणा जास्त दिसतात, तेव्हा खुणांचं पान मोठं ठेवा. तरसाच्या पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा मोठा, आणि नख्या उमटलेल्या. बिबट्याच्या ठशात नख्या नसतात, त्या आत घेतलेल्या असतात. आता आमच्याकडेही बिबट्या येतो, त्यामुळे हा फरक कामाचा. तरसाची विष्ठा वाळली की पांढरी पडते, हाडं चावून खातो म्हणून. खोकडाचं बीळ, लांडग्याची माळावरची वाट, चिंकारा असेल तर त्याचा बारीक टोकदार खूर. हिवाळ्यात वर भोवत्ये. त्यांच्या माद्या आणि पिल्लं एकमेकांपासून वेगळी ओळखणं जाणत्यांनाही जड जातं. तिथे मुलांना नुसतं ‘भोवत्या’ लिहू द्या, जात लिहिलीच पाहिजे असा आग्रह नको. नोंद खरी राहिली पाहिजे.

कातळकडा

‘नोंद खरी राहिली पाहिजे’ याला शंभर टक्के अनुमोदन. वहीत प्रश्नचिन्ह टाकायला शिकवणारी पुस्तिका मी अजून पाहिली नाही.

गोदाकाठची

आता मला छळणारा प्रश्न. दुर्मीळ गोष्टींचं काय करायचं? अंजनेरीच्या नावाने ओळखलं जाणारं कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. अंजनेरीची पुस्तिका काढायची आणि त्यात ते नाही, हे मुलांना सांगायचं कसं? आणि छापलं तर उद्या लोक तेच शोधत पठार तुडवतील.

क्लिक_क्लिक

छापा. लोकांना माहीत नसलेली गोष्ट वाचवायला कुणी पुढे येत नाही. अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला तोही तिथे काय आहे हे लोकांना कळल्यामुळेच ना?

पानगळ

छापा, पण जागा न देता. फूल दाखवा, त्याची गंमत सांगा. कंदिलासारखी नळी असते, आतले केस खाली वळलेले, बारीक माशी आत शिरते आणि काही काळ अडकते, केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. एवढं वाचून मुलाच्या मनात प्रेम तयार होतं. पण वाट, चढ, कुठला दगड, काहीही नको. ही रोपं जमिनीखालच्या बारीक कंदावर जगतात. एक बूट चुकीच्या जागी पडला, एक हौशी माणूस कुंडीत लावायला घेऊन गेला, की त्या जागेवरची गेली. फोटोंबद्दलही सांगून ठेवतो. मोबाईल फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप जातात, ते काढून मगच फोटो पुढे पाठवा. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त जातींची नेमकी जागा स्वतःहून धूसर करतं, बाकीच्यांसाठी ती सोय आपण हाताने निवडायची असते. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेल्या ‘लोकेशन’ला मात्र कुठलंच कुंपण नाही.

निफाडकर

गिधाडांनाही हेच लागू. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं, वर्षाला एकच अंडं. जनावरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने मेलेली जनावरं खाणारी गिधाडं मरत होती, त्यावर २००६ मध्ये बंदी आली तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. जी उरली आहेत त्यांच्या घरट्यासमोर थंडीत ड्रोन उडवणारे लोक मी पाहिलेत. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की समजा वर कुणीतरी राहतं, आणि तिथूनच मागे फिरा. पुस्तिकेत ‘किती अंतरावर थांबायचं’ असा एक रकाना ठेवता येईल.

क्लिक_क्लिक

ठीक. जागेशिवाय छापायचं याला माझी हरकत नाही. फोटोंचं काम मी घेतो. पानगळ सर, झाडाचे नेमके कोणते फोटो हवेत?

पानगळ

पूर्ण झाड, आजूबाजूच्या जागेसकट. मग फांदीवर पानं कशी लागली आहेत ते: समोरासमोर, एकाआड एक, की तीन-तीन. पानाची वरची आणि खालची बाजू. फूल समोरून, बाजूने आणि मागून, कारण मागची संदलं (पाकळ्यांखालची दलं) कुणी टिपतच नाही. फळ असेल तर फळ. मापासाठी शेजारी पट्टी. आणि तोडू नका, वाकवूनही फोटो निघतो.

नावं पक्की करायला बॉटनिकल सर्व्हेने १९९१ मध्ये नाशिक जिल्ह्याची वनस्पतिसूची इंग्रजीत काढली आहे, ती मोठ्या ग्रंथालयात मिळावी. चित्रं शोधू नका, त्यासाठी ती नाहीच. आपण ठरवलेलं नाव या जिल्ह्यातून नोंदलेलं आहे की नाही, हे त्यात बघायचं. १८८३ चं नाशिकचं गॅझेटियरही चाळा, त्यात तेव्हाच्या झाडांची आणि जनावरांची माहिती आहे. योगायोग बघा, मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटीही त्याच वर्षी सुरू झाली. मुलांना जुनी यादी आणि स्वतःची यादी शेजारी ठेवू द्या.

गोदाकाठची

मग पहिली पुस्तिका अंजनेरीची नको, असं मला आता वाटतं. पांडवलेणीच्या डोंगराची करूया. शहरातून रिक्षाने जाता येतं, लेण्यांमुळे खडकाचा काप आयताच समोर मिळतो, गर्दीची सवय असलेली जागा आहे आणि वर्षभर जाता येतं. झाडं, खडक, पक्षी मिळून चाळीस नोंदी. प्रत्येकीला ‘कशाशी गल्लत होते’ ही ओळ, आणि मागे मुलांच्या प्रश्नचिन्हांसाठी कोरी पानं. कातळकडा, डोंगराचा काप तुम्ही काढून द्याल?

कातळकडा

आनंदाने. जूनच्या आधी, उतार कोरडे असतानाच काढावा लागेल.

सुरगाण्याचा_मास्तर

चित्रं माझ्या शाळेतली मुलं काढतील. ऐनाची साल त्यांच्याइतकी हुबेहूब कुणी काढणार नाही. बदल्यात तुमची मुलं एकदा आमच्याकडे पाठवा, आमची मुलं त्यांना फिरवतील.

नवशिका_सातपूर

पांडवलेणी मला सायकलवर जवळ आहे, झाडांची प्राथमिक यादी मी करतो. पण गवतांचं काय करायचं? मला सगळी सारखीच दिसतात. माळावर तर सगळं गवतच.

पाऊलखुणा_येवला

भाऊ, तीनपासून सुरू करा. कुसळी: पिकल्यावर काळपट कुसळं एकमेकांत पिळून गुंता होतो आणि पँटला टोचून घरापर्यंत येतात. मारवेल: पेराच्या गाठीवर पांढऱ्या केसांचं कडं, आणि कणसाची बोटं एकाच जागेवरून फुटलेली, गुरं आवडीने खातात. पवन्या: एकेकटं सरळ कणीस. ही तिन्ही दिवाळीच्या सुमारास, कणसं असताना बघा. त्याआधी नुसत्या पात्यांवरून ओळखायला जाऊ नका, मीही जात नाही. येवल्याला आलात तर माळावर हातात धरून दाखवतो.